विमानात शेवटचा शब्द कोणाचा? कॉकपिट आणि केबिनमधल्या नेतृत्वाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी १४ वर्षं केबिन क्रूमध्ये काढली, त्यातली शेवटची सहा इन-चार्ज म्हणून. आता गुडघे कुरकुरायला लागल्यामुळे जमिनीवर आहे आणि नव्या-जुन्या क्रूला सीआरएम, म्हणजे विमानात सगळ्यांनी मिळून काम कसं करायचं, ते शिकवते. वर्गात, लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये ओळख निघाली की लोक तेच ते प्रश्न विचारतात. एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान. वाटेल तिथून वाचा, फक्त तिसरा आणि चौथा प्रश्न सोडू नका.

विमानात सगळ्यात मोठा कॅप्टनच ना?

हो. डाव्या खुर्चीतला, खांद्यावर चार पट्ट्या असलेला. कायद्यानेही विमान, प्रवासी आणि क्रू यांची जबाबदारी त्याची असते. त्याच्याखाली फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, त्याच्या तीन पट्ट्या. मग केबिन इन-चार्ज आणि मग ज्येष्ठतेप्रमाणे बाकीचे. तीन पट्ट्यांचा माणूस विमान चालवत असला तरी कॅप्टन हा कॅप्टनच. कंपनीचे मालक पहिल्या रांगेत बसलेले असले तरीही. "या विमानात बिघाड आहे, मी नेणार नाही" असं तो म्हणाला की विषय संपला.

हा अधिकार कोणी हिरावून घेतलेला नाही आणि घेऊही नये. आग लागल्यावर मतदान घ्यायला वेळ नसतो. अडचण वेगळीच आहे. वरून खाली हुकूम सेकंदात पोचतो, पण खालून वर साधी माहिती पोचायला कधीकधी इतका उशीर होतो की तोवर धावपट्टी संपलेली असते. हे पान बहुतेक त्या खालून वर जाण्याबद्दलच आहे.

मग विमान चालवतं कोण? सहवैमानिक नुसता बसून असतो का?

साधारणपणे एका सेक्टरला, म्हणजे एका उड्डाणाला, एक चालवतो, दुसऱ्या सेक्टरला दुसरा. मुंबईहून दिल्लीला कॅप्टनने नेलं, तर परत फर्स्ट ऑफिसर आणतो. चालवणारा तो पायलट फ्लाइंग, दुसरा पायलट मॉनिटरिंग. या दुसऱ्याला पूर्वी 'पायलट नॉट फ्लाइंग' म्हणायचे, म्हणजे 'न चालवणारा'. माणसाला जे नाव द्याल तसा तो वागतो. 'न चालवणारा' म्हटलं की तो खिडकीबाहेर बघतो, 'लक्ष ठेवणारा' म्हटलं की निदान त्याला आपलं काम ठाऊक असतं. रेडिओवर बोलणं, चेकलिस्ट वाचणं आणि चालवणाऱ्याचं वेग-उंचीचं गणित तपासत राहणं हे त्याचं काम.

विमान एकाच्या हातून दुसऱ्याकडे जातं तेही बोलून. "आय हॅव कंट्रोल", "यू हॅव कंट्रोल". मान हलवून चालत नाही. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी गेले, तेव्हा विमान सहवैमानिक जेफ्री स्काइल्स चालवत होते. कॅप्टन सलेनबर्गर म्हणाले, "माय एअरक्राफ्ट". स्काइल्स म्हणाले, "युअर एअरक्राफ्ट". वाद नाही, 'पण' नाही. हडसन नदीवर उतरायच्या काही क्षण आधी त्याच सलेनबर्गर यांनी स्काइल्सना विचारलं, काही सुचतंय का? उत्तर आलं, खरं तर नाही. सगळे १५५ वाचले हे सर्वांना ठाऊक असतं. मला तो शेवटचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. इतक्या कमी वेळातही त्या माणसाने शेजारच्याला विचारलं.

सीआरएम, सीआरएम म्हणता ते नेमकं काय? आलं कुठून?

क्रू रिसोर्स मॅनेजमेंट. नाव एचआर विभागातून आल्यासारखं वाटतं, पण ते आलं अपघातांच्या चौकशी अहवालांतून. विमानात जी जी माणसं, माहिती, यंत्रं आणि वेळ हाताशी आहे त्या सगळ्यांचा उपयोग करून घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला, म्हणून तिकडे जाणारी विमानं शेजारच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस या छोट्या विमानतळावर वळवली. गर्दी, एकच धावपट्टी आणि वरून धुकं. केएलएम या डच कंपनीचं जंबो धावपट्टीच्या टोकाला उभं होतं आणि पॅन ॲमचं जंबो त्याच धावपट्टीवरून समोरून हळूहळू येत होतं. दोघांना एकमेकांचं काही दिसत नव्हतं. केएलएमचे कॅप्टन फान झान्टेन हे कंपनीत जंबो शिकवणारे वरिष्ठ. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची जंबोची परीक्षा त्यांनीच साधारण दोन महिन्यांपूर्वी घेतली होती.

कॅप्टनने थ्रॉटल पुढे सरकवलं. सहवैमानिक म्हणाला, थांबा, अजून परवानगी मिळालेली नाही. कॅप्टन म्हणाले, माहीत आहे मला, विचार. त्याने विचारलं. टॉवरने उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला, उड्डाणाची परवानगी दिली नाही. सहवैमानिक तो मार्ग परत वाचून दाखवत असतानाच कॅप्टनने विमान उड्डाणासाठी पळवायला घेतलं. या वेळी सहवैमानिकाने त्यांना थांबवलं नाही. रेडिओवरचं बोलणं कानावर पडल्यामुळे मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, तो पॅन ॲमवाला अजून धावपट्टीवरून बाजूला गेला नाही का? कॅप्टन ठासून म्हणाले, गेला की! पुढे कोणी काही बोललं नाही. ५८३ माणसं गेली.

वर्गात मी इथे थांबते आणि विचारते, सहवैमानिक दुसऱ्यांदा का गप्प बसला? पहिल्यांदा तर बोलला होता. मागच्या बाकावरून एका मुलीने एकदा दिलेलं उत्तर अजून लक्षात आहे. "मॅम, एकदा टोकलं होतं ना. सासऱ्यांना पंगतीत एकदा टोकलं की दुसऱ्यांदा डाळ सांडली तरी सून बोलत नाही." वर्ग हसला. मी नाही हसले, कारण याच्यापेक्षा नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

पुढच्या वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान चाकांच्या बिघाडामुळे घिरट्या घालत राहिलं. कॅप्टन चाकांमध्ये आणि प्रवाशांच्या तयारीमध्ये इतके गुंतले, की इंधन संपत आल्याचं बाकीच्यांचं बोलणं कानांवर पडूनही डोक्यात शिरलं नाही. इंजिनिअरने सांगितलं होतं, पण "सर, आत्ता उतरलो नाही तर पडू" असं नव्हतं सांगितलं. एकेक इंजिन बंद पडलं आणि विमान वस्तीत कोसळलं. दहा जण गेले. कॅप्टनला इतरांना सामावून घ्यायला शिकवा आणि इतरांना ठामपणे बोलायला शिकवा, अशी शिफारस चौकशीतून आली. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडने पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तेव्हा 'सी' होता कॉकपिटचा. केबिनमध्येही माणसं असतात हे नंतर लक्षात आलं आणि तो क्रूचा झाला. सुरुवातीला जुने वैमानिक या वर्गांना 'चार्म स्कूल' म्हणून हिणवायचे. आपल्याकडेही पहिल्या दिवशी शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेला एक तरी कॅप्टन असतोच. बहुतेक वेळा दुपारच्या चहापर्यंत घडी सुटते.

टेनेरिफनंतर आणखी एक बदल झाला. 'टेक-ऑफ' हा शब्द आता फक्त खरी परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात. एरवी 'डिपार्चर' म्हणतात.

सहवैमानिकही शिकलेला, परवानाधारक असतो. मग तो स्पष्ट बोलत का नाही?

कारण तो घरातून आलेला असतो, आकाशातून नाही. 'लहान तोंडी मोठा घास', 'मोठ्यांच्या तोंडी लागू नये', 'उलट उत्तर देऊ नकोस' हे आपण अक्षरं शिकायच्या आधी शिकतो. शिवाय पुढे कॅप्टन व्हायचं तर याच वरिष्ठांच्या शेऱ्यांवर. पण ही फक्त आपली खोड समजू नका. टेनेरिफचे ते वैमानिक डच होते आणि पोर्टलंडचे अमेरिकन. आपल्याकडे त्यावर संस्काराचा मुलामा असतो, इतकंच.

त्यामुळे माणूस बोलतो, पण आडून. वर्गात मी एकाला कॅप्टन करते, दुसऱ्याला फर्स्ट ऑफिसर, आणि फळ्यावर लिहिते: विमान उतरतंय, वेग २० नॉट जास्त. पहिलं वाक्य दरवेळी ठरलेलं. "सर, आज टेलविंड जरा जास्तच वाटतोय, नाही का?" टेलविंड म्हणजे मागून येणारा वारा, पण याचा अर्थ 'सर, वेग जास्त आहे' असा आहे हे बोलणाऱ्याला कळतं. ऐकणारा दमलेला, आणि त्याला वाटतं हवापाण्याच्या गप्पा चालल्यात.

म्हणून एक चार पायऱ्यांची शिडी शिकवतात. आधी विचारायचं, "सर, स्पीड?" उत्तर आलं नाही तर आकडा सांगायचा, "स्पीड २० नॉट जास्त आहे." तरीही नाही तर काय करायचं ते सांगायचं, "कॅप्टन, अप्रोच अनस्टेबल आहे, गो-अराउंड", म्हणजे उतरणं नीट बसलेलं नाही, ते सोडून पुन्हा वर चला. आणि शेवटची पायरी, "आय हॅव कंट्रोल." पहिल्या तीन पायऱ्या घसा चढतो. शेवटची हात चढतो, आणि तिथेच माणूस अडखळतो.

२२ मे २०१०, मंगळूर. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीपलीकडे दरीत गेलं. १६६ पैकी १५८ मृत्यू. चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे होती. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपले होते, उतरताना विमान फार उंच आणि वेगात होतं. सहवैमानिकाने तीनदा 'गो-अराउंड' म्हटलं. तीनदा. पण ताबा घेतला नाही. सहवैमानिकाला स्वतः गो-अराउंड करायचा अधिकार नेमका कधी, याबद्दलच्या सूचनांमध्येच संदिग्धता होती, असं अहवालाने नोंदवलं आहे. मला हे वाक्य फार टोचतं. बोलायला शिकवलं, पण 'नंतर काय' ते नीट लिहून दिलं नाही.

मग ७ ऑगस्ट २०२०, कोळिकोड. भर पावसाळा, पुन्हा डोंगरमाथ्यावरची धावपट्टी. कॅप्टन दीपक साठे यांचं नाव मराठी घरांमध्ये अजून हळहळून घेतलं जातं. वायुसेनेतला नावाजलेला वैमानिक, अनुभवाची कमतरता नाही. त्या अपघातात दोघा वैमानिकांसह २१ जण गेले. अहवालात काय आहे? अस्थिर अप्रोच चालू ठेवला, धावपट्टीचा जवळपास अर्धा भाग संपल्यावर चाकं टेकली, सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हटलं होतं पण ताबा घेऊन स्वतः केला नाही. कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता, हेही त्यात आहे. मी हे उदाहरण वर्गात शिकवते तेव्हा आवाज थोडा खाली येतो. चांगल्या माणसाच्या शेजारी बोलणं हे वाईट माणसाच्या शेजारी बोलण्यापेक्षा अवघड असतं. खडूस कॅप्टनवर लक्ष ठेवायला कोणाला सांगावं लागत नाही. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या बाबतीत आपण म्हणतो, सरांनी काहीतरी विचार केला असेल.

मग सगळा भार ज्युनिअरवरच? कॅप्टनने काही करायचं की नाही?

खरं काम त्याचंच. ज्युनिअरला धीट करण्यापेक्षा सीनिअरला सोपं करणं स्वस्त पडतं.

एका कॅप्टनसोबत मी अनेक सेक्टर केले. ब्रीफिंग रूममध्ये ते सगळ्यांत आधी येऊन बसायचे, टोपी टेबलावर उलटी ठेवलेली. प्रत्येकाला नाव विचारायचे आणि ते कागदाच्या कडेला लिहून घ्यायचे, अगदी पहिल्याच उड्डाणाला आलेल्या मुलीचंही. हवामान, वेळ, उशीर हे सांगून झालं की म्हणायचे, "आज पहाटे साडेतीनला उठलोय. एखादी चूक करीनच. ज्याला दिसेल त्याने सांगायचं, नंतर कॉफी माझ्याकडून." कॉफी खरंच पाजायचे. याच्या उलट, पेपर वाचत वाचत 'युजुअल स्टफ, गर्ल्स' म्हणून दोन मिनिटांत ब्रीफिंग उरकणारेही पाहिले. त्यांच्या विमानात वाईट काही घडलं असं नाही. पण त्या दिवशी मागच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, विचित्र आवाज आला तर इंटरफोन उचलायच्या आधी मी तीनदा विचार करायचे.

मोठं उदाहरण हवं असेल तर १९ जुलै १९८९ चं अमेरिकेतलं सू सिटी. युनायटेडच्या डीसी-१० चं मागचं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. म्हणजे स्टिअरिंग, ब्रेक सगळं निकामी झालेली गाडी, तीही आकाशात. कॅप्टन अल हेन्स यांच्या मॅन्युअलमध्ये यावर काहीच नव्हतं. प्रवाशांमध्ये डेनी फिच नावाचे त्याच प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षक होते. हेन्सनी त्यांना आत बोलावलं आणि उरलेल्या दोन इंजिनांची थ्रॉटलं त्यांच्या हाती दिली. एक इंजिन वाढव, दुसरं कमी कर, असं करत चौघांनी मिळून ४४ मिनिटं विमान हवेत ठेवून धावपट्टीपर्यंत आणलं. ते उलटलं, पेटलं, ११२ जण गेले. पण २९६ पैकी १८४ वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले की हे माझ्या एकट्याचं श्रेय नाही, सीआरएमने आम्हाला वाचवलं.

क्रू तर रोज बदलतो. ओळखही नसलेल्या माणसांची टीम कशी होते?

खरं आहे. क्रिकेटच्या संघासारखा सराव नसतो. सकाळी पाच वाजता भेटलेली माणसं सहा वाजता एकमेकांच्या भरवशावर उडतात. एअरबस ए३२० मध्ये साधारण चार केबिन क्रू असतात, कारण आपल्याकडचा नियम दर ५० आसनांमागे एक असा आहे. त्या चौघी कदाचित पहिल्यांदाच भेटलेल्या.

ओळख नसली तरी काम ठरलेलं असतं आणि शब्दही ठरलेले असतात. विमानाचं दार बंद झालं की घोषणा ऐकली असेल, "केबिन क्रू, आर्म डोअर्स अँड क्रॉसचेक". आर्म केलं की दार उघडताच आपत्कालीन घसरगुंडी आपोआप फुगते. मी माझ्या दाराची पिन काढते, लिव्हर खाली करते, पिन तिच्या जागेवर लावते, मग समोरच्या दारापाशी जाऊन तिचा लिव्हर डोळ्यांनी बघते. ती माझा बघते. चौदाव्या वर्षीही माझं दार काल लागलेल्या मुलीने तपासलं. तिला चूक दिसली तर तिने अंगठा वर करायचा नाही. यात अपमान कसला? आणि उतरल्यावर दार डिसआर्म करायला विसरून उघडलं, तर ती घसरगुंडी खाली सामान काढणाऱ्या माणसाच्या अंगावर जाते.

केबिन क्रूचं कॉकपिटमध्ये कोणी ऐकतं का? की चहा-कॉफीपुरतं?

'हवाईसुंदरी' हा शब्द गेला तसा हा समजही जायला हवा होता. आम्ही मुख्यतः आपत्कालासाठी असतो. चहा मधल्या वेळेत.

८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमधल्या केगवर्थजवळ काय झालं बघा. ब्रिटिश मिडलंडच्या विमानाचं डावं इंजिन बिघडलं. वैमानिकांनी चुकून उजवं बंद केलं आणि कॅप्टनने प्रवाशांना तसं सांगितलंही, उजव्या इंजिनात गडबड होती, बंद केलंय. मागे बसलेल्या कित्येक प्रवाशांनी आणि काही केबिन क्रूने आग डावीकडे पाहिली होती. कोणीच पुढे जाऊन विचारलं नाही. त्यांना माहीत असेल, असं वाटलं. ४७ जण गेले. त्यानंतर वैमानिक आणि केबिन क्रू यांना एकत्र शिकवण्यावर भर आला.

यात एक खरी अडचण आहे. उड्डाण आणि उतरणं या काळात, साधारण १०,००० फुटांखाली, कॉकपिटमध्ये कामाशिवाय बोलायचं नाही असा नियम आहे. त्याला स्टराइल कॉकपिट म्हणतात. नव्या मुली तो इतका घट्ट धरतात की आग दिसली तरी फोन करू की नको म्हणून घुटमळतात. मी सांगते, सुरक्षिततेशी संबंध आहे असं वाटलं की फोन करा. नसला संबंध, तर ओरडा खायला मी आहे.

हे सांगायचा मला अधिकार आहे का, असं विचाराल तर एक गोष्ट कबूल करते. रात्रीचं उड्डाण, मी इन-चार्ज. सांगलीची एक मुलगी, लागून तिसरा आठवडा. येऊन म्हणाली, "मॅम, मागे जळका वास येतोय." मी ट्रॉलीचा हिशेब करत होते. म्हटलं, ओव्हनचा असेल, मागच्या सेक्टरला चीज सांडलं होतं. ती गेली. पाच मिनिटांनी परत आली. "मॅम, मी ओव्हन बंद करून बघितलं. ओव्हनचा नाहीये." मी वर न बघता म्हटलं, येते. ती हललीच नाही. पडद्याला धरून उभी राहिली. "मॅम, आत्ता चला ना." उठले. मागून चौथ्या रांगेत सीटच्या फटीत अडकलेली पॉवर बँक फुगून चटके देत होती आणि वर एक आजोबा गाढ झोपले होते. त्यांना उठवलं, कॅप्टनना फोन केला, पॉवर बँक काढून थंड केली, बंदोबस्तात ठेवली. काही झालं नाही. उड्डाणानंतरच्या बैठकीत, डीब्रीफिंगला, कॅप्टननी माझं कौतुक सुरू केलं, तेव्हा मी त्यांना मधेच थांबवून सांगितलं की मी दोनदा ऐकलं नव्हतं. तिसऱ्यांदाही ती मागे गेली असती, तर काय झालं असतं याचा विचार मी मुंबईच्या टॅक्सीत करत बसले होते.

केबिन स्वतःहून निर्णय घेऊ शकते याचं अलीकडचं उदाहरण टोकियोच्या हानेदा विमानतळावरचं, २ जानेवारी २०२४. जपान एअरलाइन्सचं ए३५० उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. तटरक्षक विमानातले सहापैकी पाच जण गेले. पेटलेल्या मोठ्या विमानात घोषणा यंत्रणा बंद पडली. क्रूने हातातले भोंगे आणि स्वतःचा आवाज वापरला. आठ दारांपैकी आग नसलेली तीनच वापरता आली. मागच्या दाराच्या क्रूचा कॉकपिटशी संपर्क होत नव्हता, तेव्हा तिथल्या मुलीने बाहेर बघून दार स्वतःच्या निर्णयाने उघडलं. ३७९ च्या ३७९ बाहेर आले. कॅप्टन सगळ्यांत शेवटी.

उतरताना क्रू जंपसीटवर, म्हणजे त्यांच्या घडीच्या खुर्चीवर, मांडीखाली हात घेऊन गप्प बसलेला असतो. प्रार्थना करतात का?

कोणी करतही असेल. बहुतेक जण उजळणी करत असतात. माझं दार कुठलं, लिव्हर कुठल्या बाजूला, बाहेर आग असेल तर काय, पहिलं वाक्य काय ओरडायचं, समोर बसलेल्यांपैकी मदतीला कोण येईल. तीस सेकंदांचा खेळ. पांढऱ्या टी-शर्टातले तुम्ही धडधाकट दिसत असाल, तर तुम्हाला न विचारता मी तुमची नेमणूक केलेली असते.

विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं. पायलट चुकला का?

नाही. गो-अराउंड म्हणजे शहाणपण. धावपट्टीपासून ठरावीक उंचीवर, साधारण १,००० किंवा ५०० फुटांवर, वेग, उतार आणि दिशा बसलेली नसेल तर वर जायचं असा संकेतच आहे. त्यासाठी वैमानिकाला जाब विचारायचा नाही असं कंपन्यांचं धोरण असतं. मुंबईच्या पावसात हे व्हायचंच. टाळ्या वाजवायच्या असतील तर तेव्हा वाजवा.

दोन्ही पायलट वेगवेगळं जेवतात, हे खरं?

बहुतेक ठिकाणी, हो. एकाच डब्याने दोघांचं पोट बिघडायला नको.

दोघा पायलटचं आपसांत पटत नसेल तर?

पटायची गरज नाही. ठरलेले शब्द आणि ठरलेली चेकलिस्ट याच कारणासाठी आहेत. भांडण जमिनीवर आल्यावर, बंद दाराआड. फार विकोपाला गेलं तर उडण्याआधीच "आज मी फिट नाही" म्हणता येतं, आणि तसं म्हणणाऱ्याबद्दल मला आदर वाटतो. मला जास्त भीती वाटते ती फार छान पटणाऱ्या जोडीची. एकाच गावचे, एकाच अकादमीचे निघाले की गप्पांत आकडे निसटतात.

थकलेल्या कॅप्टनचं काय?

दमलेल्या माणसाला ऐकू कमी येतं, हे मंगळूरने दाखवलं. ड्यूटी आणि विश्रांतीचे नवे नियम आले आहेत. १ जुलै २०२५ पासून वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली. रोस्टर लावणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पडू देत.

कॅप्टन बाई असेल तर बाकीचे ऐकतात का?

ऐकतात. आपल्याकडे महिला वैमानिकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि जगाची सरासरी त्याच्या जवळपास एक तृतीयांश. कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन यांनी १९८५ मध्येच फोकर फ्रेंडशिप विमान सगळ्या महिला क्रूसह कलकत्त्याहून सिलचरला नेलं होतं. क्रूला आता नवल राहिलेलं नाही. प्रवाशांना मात्र अजून राहिलंय. "आज लेडी पायलट आहे का?" असं दारात हळूच विचारणारे काका मला दर महिन्याला भेटायचे. मी म्हणायचे, "हो काका, आणि लँडिंग झाल्यावर सांगा कसं वाटलं." बहुतेक जण झोपून जायचे.

माझ्या मुलीला केबिन क्रू व्हायचंय, पुतण्या बारामतीला किंवा गोंदियाला फ्लाइंग शिकायचं म्हणतोय. नेतृत्वगुण आधीच लागतात का?

आधी लागतं ते ऐकणं. गटचर्चेत सगळ्यांत मोठ्याने बोलणारा निवडला जातो असा समज आहे. निवड करणारे बहुधा बघत असतात की गप्प बसलेल्या मुलीला "तुला काय वाटतं?" असं कोण विचारतं. पुतण्याला सांगा, ताशी-हिशेबाने फी भरून परवाना मिळेल, पण शेजारच्याला "सर, स्पीड" म्हणायचं धाडस सिम्युलेटरमध्ये बसून रोज करावं लागतं. आणि तुम्हीही घरी त्याने एखादं उलट उत्तर दिलं, तर आधी ते बरोबर आहे का एवढं बघा.

प्रवासी म्हणून आम्ही काही बोलावं का? उगाच घाबरट म्हणतील.

म्हणू देत. केगवर्थच्या प्रवाशांनी आग पाहिली होती. पंखावरून काही गळताना दिसलं, जळका वास आला, मोबाइल सीटमध्ये घसरून अडकला, तर क्रूला सांगा. मोबाइल अडकल्यावर सीट मागेपुढे करू नका, तो चेपला तर पेटू शकतो. "ताई, जरा बघता का" एवढंही पुरे, पण काय दिसलं, कुठल्या बाजूला आणि कितव्या रांगेत, ते सांगा. पहिल्यांदा "ओव्हनचा असेल" असं उत्तर आलं, तर कॉलबटण पुन्हा दाबा.